उरलेले श्रवण हीसुद्धा ठेवच

‘ऐकू येतं हो डॉक्टर, पण कळत नाही.’ कान-नाक-घसा विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षात हे वाक्य मी गेली पंचवीसहून अधिक वर्षे ऐकतो आहे. अलीकडेच साठीच्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षिका पतीबरोबर आल्या होत्या. रस्त्यावरून मिरवणूक गेली की त्यांना ढोल ऐकू येतो, ताशा येत नाही. एसटी फाट्यावर थांबली हे कळते, पण कंडक्टर काय म्हणाला ते कळत नाही. ‘साठ’ म्हटले की त्यांना ‘आठ’ ऐकू येते. दोन्ही कानांना चांगली श्रवणयंत्रे लावून झाली होती. आवाज मोठा झाला, पण शब्द काही स्वच्छ झाले नाहीत.

त्यांच्या ऑडिओमेट्रीचा आलेख डाव्या बाजूला, म्हणजे खालच्या पट्टीच्या आवाजांसाठी, बऱ्यापैकी होता. १००० हर्ट्झच्या पुढे तो कडा कोसळावा तसा खाली गेला होता. मी कॉक्लिअर इम्प्लांटचा विषय काढला तेव्हा त्यांचे पती शांतपणे म्हणाले, ‘म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे लागायचं का?’

प्रश्न अगदी योग्य होता. पंधरा-वीस वर्षांपूर्वी मी सरळ सांगितले असते की, या कानात जे उरले आहे ते जाईल असे धरून चला. आज मी तसे सांगत नाही. पण ‘ते नक्की राहील’ असेही सांगू शकत नाही. या दोन उत्तरांमधली जागा रुग्णांनी, नातेवाइकांनी आणि सरकारी योजना आखणाऱ्यांनीही समजून घ्यावी, म्हणून हा लेख.

हा प्रश्न आताच का?

कॉक्लिअर इम्प्लांट सुरुवातीला फक्त पूर्ण बहिऱ्या माणसांसाठी होते. ज्याच्याकडे गमावण्यासारखे काहीच नाही, त्याच्याच कानात इलेक्ट्रोड घालायचा, असा तो काळ होता. इम्प्लांटमधून येणारे शब्द अधिकाधिक स्वच्छ होत गेले, तसे निकष सैल होत गेले. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१९ मध्ये ९० डेसिबलची अट ८० डेसिबलवर आणली. अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेत श्रवणयंत्र लावूनही ४० टक्क्यांपर्यंतच वाक्ये ओळखता येणाऱ्यांना इम्प्लांट मिळत असे. २०२२ मध्ये ती मर्यादा ६० टक्के झाली. याचा सरळ अर्थ असा की, शस्त्रक्रियेच्या टेबलावर येणाऱ्या रुग्णांपैकी अधिकाधिक जणांच्या कानात आज काहीतरी नैसर्गिक श्रवण शिल्लक असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात सुमारे ४३ कोटी लोकांना कमी ऐकू येण्यावर उपचारांची किंवा पुनर्वसनाची गरज आहे. २०५० पर्यंत हा आकडा ७० कोटींवर जाईल असा अंदाज आहे. या सगळ्यांना इम्प्लांट लागणार नाही. श्रवणयंत्राने बहुतेकांचे भागते. पण ज्यांचे भागत नाही, त्यांच्यातल्या अनेकांचा आलेख आमच्या शिक्षिकाबाईंसारखाच असतो: ढोल ऐकू येतो, ताशा येत नाही.

वाटाण्याएवढ्या शंखात काय उरते?

अंतर्कर्णातला कॉक्लिया हा अवयव वाटाण्याएवढा असतो. गोगलगाईच्या शंखासारखे त्याचे अडीच-पावणेतीन वेढे असतात. हे वेढे उलगडले तर नळीची लांबी साडेतीन सेंटीमीटरच्या आसपास भरते. आतल्या पडद्यावर सुमारे १५ हजार केशपेशी ओळीने बसलेल्या असतात. दाराशी, म्हणजे शंखाच्या रुंद टोकाशी, उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी असतात, तर आत खोल, निमुळत्या टोकाशी, खालच्या पट्टीचे आवाज टिपणाऱ्या. वय, सततचा गोंगाट, काही औषधे, आनुवंशिक दोष यांचा मार बहुधा आधी दाराजवळच्या पेशींवर पडतो. म्हणून ‘स’, ‘श’, ‘च’, ‘थ’, ‘फ’ ही अक्षरे आधी हरवतात, आणि स्वर व घुमारा मागे राहतो.

कोंबडीच्या कानातल्या केशपेशी नष्ट झाल्या तर पुन्हा उगवतात. माणसाच्या उगवत नाहीत. म्हणून ज्या उरल्या आहेत त्यांचे मोल मोठे.

पण नुसता घुमारा ऐकून उपयोग काय, असे कुणी विचारेल. उपयोग बराच आहे. बोलणारा पुरुष आहे की स्त्री, तो चिडला आहे की चेष्टा करतो आहे, ‘आलास?’ हा प्रश्न आहे की ‘आलास.’ हे विधान, हे सगळे आपण आवाजाच्या चढउतारावरून ओळखतो, आणि तो चढउतार खालच्या पट्टीत असतो. लग्नाच्या मांडवात चार जण एकदम बोलत असताना एकाचा आवाज वेगळा काढणे, अभंगाची चाल ओळखणे, हेही त्याच बळावर होते. इम्प्लांटमध्ये १५ हजार पेशींचे काम १२ ते २२ इलेक्ट्रोडवर भागवलेले असते. पेटीवर जशी मींड निघत नाही, तसे इम्प्लांटमधून सुरांचे बारकावे नीट उतरत नाहीत. शब्द मात्र त्यातून फार चांगले उतरतात. शब्द इम्प्लांटमधून आणि सूर उरलेल्या नैसर्गिक श्रवणातून असे दोन्ही एकाच कानात मिळाले, तर गोंगाटातले ऐकणे लक्षणीय सुधारते.

हे मला एका रुग्णाने शिकवले. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही एका गृहस्थांना इम्प्लांट बसवले. सहा महिन्यांनी त्यांना फोनवरचे बोलणे कळू लागले, आणि आम्ही सगळे खूश होतो. ते मात्र म्हणाले, ‘बोलणं कळतं, साहेब. पण बायकोचा आवाज बायकोचा वाटत नाही.’ शस्त्रक्रियेपूर्वी त्या कानात खालच्या पट्टीचे किती शिल्लक होते, ते कागदावर होते. नंतर किती उरले, हे आम्ही मोजलेच नव्हते. ते मोजण्यासारखे आहे, असेच आम्हाला तेव्हा वाटत नव्हते.

इलेक्ट्रोड आत जाताना काय घडते?

शस्त्रक्रियेत कानामागे छेद घेतला जातो. तिथले हाड कोरून, चेहऱ्याच्या नसेच्या आणि चव वाहून नेणाऱ्या बारीक नसेच्या मधल्या दोन-तीन मिलिमीटरच्या फटीतून मधल्या कानात जायचे असते. तिथे कॉक्लियाची ‘गोल खिडकी’ दिसते. त्या खिडकीतून किंवा तिच्या शेजारी छोटे छिद्र पाडून इलेक्ट्रोडची लवचिक तार शंखाच्या खालच्या दालनात सरकवतात.

धोका इथून पुढे असतो. तारेचे टोक भिंतीवर आपटले आणि नाजूक पडदा फाटला, तर तार खालच्या दालनातून वरच्या दालनात शिरते आणि वेगवेगळे राहायला हवेत असे दोन द्रव एकत्र मिसळतात. तिथल्या केशपेशी मग वाचत नाहीत. आतला द्रव एकूण जेमतेम एक-दोन थेंबांएवढा असतो. तो सक्शनने ओढला गेला, किंवा तार घाईने रेटल्यामुळे त्याच्यावर दाब आला, तर तो धक्का थेट आतल्या जिवंत पेशींपर्यंत पोहोचतो. रक्ताचा थेंब किंवा हाडाचा भुगा आत गेला तर सूज येते.

दुसरे नुकसान सावकाश होते. शरीराच्या दृष्टीने तार ही परकी वस्तूच असते. तिच्याभोवती दाह होतो, तंतुमय ऊतींचे आवरण बनते, काही वेळा नवे हाडही तयार होते. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर महिनाभर टिकलेले श्रवण सहाव्या महिन्यात किंवा वर्षाने गेल्याचेही दिसते. म्हणजे सर्जनचा हात कितीही हलका असला तरी सगळे त्याच्या हातात नसते. शिवाय ज्या मूळ आजाराने श्रवण गेले, तोही आपल्या गतीने पुढे सरकतच असतो.

हलक्या हाताची शस्त्रक्रिया

कानाला वीज देऊन आवाज ऐकवण्याचा पहिला महत्त्वाचा प्रयोग १९५७ मध्ये पॅरिसमध्ये झाला. १९६१ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये विल्यम हाउस यांनी आणि १९७८ मध्ये मेलबर्नमध्ये ग्रॅम क्लार्क यांनी इम्प्लांट बसवले. क्लार्क यांची गोष्ट आमच्या विषयात प्रसिद्ध आहे. वळणावळणाच्या शंखात तार खोलवर कशी घालायची हे त्यांना सुचत नव्हते. समुद्रकिनारी सुटीवर असताना त्यांनी एका शिंपल्यात गवताची पाती सरकवून पाहिली. बुंध्याशी ताठ आणि टोकाला लवचिक असलेली पाती अलगद वळत आत गेली. आजच्या तारांच्या मऊ टोकांमागे तेच तत्त्व आहे.

तरीही उरलेले श्रवण वाचवणे हे उद्दिष्ट म्हणून बऱ्याच उशिरा पुढे आले. १९९३ मध्ये जर्मनीच्या अर्न्स्ट लेनहार्ट यांनी मृदू शस्त्रक्रियेचे तंत्र मांडले. १९९९ मध्ये फ्रँकफर्टच्या क्रिस्टोफ फॉन इलबर्ग यांनी एकाच कानात इम्प्लांट आणि श्रवणयंत्र एकत्र वापरण्याची कल्पना मांडली. त्याच सुमारास अमेरिकेच्या आयोवा विद्यापीठात ब्रूस गँट्झ यांनी अवघ्या ६ आणि १० मिलिमीटरच्या आखूड तारा वापरायला सुरुवात केली. २००२ मध्ये वॉर्सात हेन्रिक स्कार्जिन्स्की यांनी अर्धवट बहिरेपणा असलेल्या प्रौढावर गोल खिडकीतून इम्प्लांट केले. तार दाराजवळच्या निकामी भागात ठेवायची आणि आतल्या जिवंत भागाला धक्का लावायचा नाही, हा या सगळ्यांमागचा विचार होता.

मृदू शस्त्रक्रियेत काय करतात, हे घरगुती भाषेत सांगता येते. गोल खिडकीवरचे हाड कमी वेगाने आणि भरपूर पाणी वापरून कोरायचे. खिडकीचा पडदा अगदी शेवटी, सगळा रक्तस्राव थांबल्यावरच उघडायचा. उघडल्यावर तिथे सक्शन लावायचे नाही. स्टेरॉइडचे थेंब सोडायचे. लवचिक, सरळ तार निवडायची आणि ती हळू, एका मिनिटाहून जास्त वेळ घेत सरकवायची. अडथळा जाणवला तर रेटायचे नाही, थांबायचे. शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर काही दिवस स्टेरॉइड देण्याची पद्धतही बहुतेक ठिकाणी आहे. ते किती आणि किती दिवस द्यावे, याबाबत केंद्राकेंद्रांत फरक आहे.

गेल्या दहा वर्षांत यात दोन मोठ्या गोष्टींची भर पडली. पहिली म्हणजे, शस्त्रक्रिया सुरू असतानाच कानाचे म्हणणे ऐकणे. भूल दिलेल्या रुग्णाच्या कानात खालच्या पट्टीचा सूर वाजवत ठेवतात, आणि आत सरकणाऱ्या इलेक्ट्रोडमधूनच केशपेशींचा विद्युत प्रतिसाद पडद्यावर पाहतात. तार जिवंत पेशींच्या जवळ जाईल तसा हा प्रतिसाद वाढतो. तो अचानक घसरला तर काहीतरी दुखावले जात असल्याचा तो इशारा असतो. सर्जन थांबतो, तार किंचित मागे घेतो, दिशा बदलतो. अशा इशाऱ्यावर हात आवरला तर श्रवण अधिक टिकते, असे दाखवणारी तुलनात्मक चाचणी मेलबर्नच्या गटाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केली.

दुसरी गोष्ट यंत्रमानवाची. माणसाच्या हाताला सेकंदाला एक मिलिमीटरपेक्षा फार सावकाश आणि तरीही न थरथरता जाणे अवघड असते. यंत्राला ते सहज जमते. २०१६ मध्ये स्वित्झर्लंडच्या बर्नमध्ये यंत्रमानवाच्या मदतीने हाडातून कॉक्लियापर्यंतचा मार्ग कोरण्यात आला. आयोवा विद्यापीठातल्या संशोधनातून निघालेल्या, तार सावकाश सरकवणाऱ्या मोटरच्या उपकरणाला अमेरिकेत २०२१ मध्ये परवानगी मिळाली. स्टेरॉइड हळूहळू सोडणाऱ्या तारांवरही प्रयोग सुरू आहेत.

यातली यंत्रे महाग आहेत. पण वर सांगितलेल्या मृदू शस्त्रक्रियेतल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही. त्यांना लागतो संयम, सराव, आणि या कानात वाचवण्यासारखे काहीतरी आहे ही जाणीव. म्हणून यंत्रमानव नाही, ही सबब सरकारी रुग्णालयालाही सांगता येणार नाही.

यश किती, किंमत किती?

उत्साहाच्या भरात अपयशाचे आकडे लपवू नयेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०१४ मध्ये आखूड तारेच्या एका संकरित इम्प्लांटला मान्यता दिली, ती ५० रुग्णांच्या अभ्यासावर. बहुतेकांचे शब्द ओळखणे सुधारले. पण ३२ जणांचे खालच्या पट्टीचे श्रवण कमी झाले आणि त्यातल्या २२ जणांचे तीव्र प्रमाणात किंवा पूर्ण गेले. सहा जणांना पुन्हा शस्त्रक्रिया करून नेहमीचे इम्प्लांट बसवावे लागले.

यातला पेच नीट पाहण्यासारखा आहे. तार आखूड ठेवली तर श्रवण टिकण्याची शक्यता वाढते. पण ते टिकले नाही, तर कानाच्या खोल भागाला ना निसर्गाचा आवाज मिळतो, ना विजेचा. लांब तार घातली तर नैसर्गिक श्रवण गेले तरी विजेवर चांगले काम भागते, पण ते जाण्याचा धोका वाढतो. म्हणून आज अनेक सर्जन मधल्या लांबीची, पातळ आणि लवचिक तार निवडतात. कोणती लांबी कुणाला, हे रुग्णाचा आलेख, त्याच्या कॉक्लियाची सीटी स्कॅनवर मोजलेली लांबी आणि त्याचा आजार किती वेगाने वाढतो आहे यावर ठरते. पाच वर्षांत श्रवण भराभर घसरलेल्या माणसाला आखूड तार देणे म्हणजे उद्याच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेची तारीख घेण्यासारखे आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचे: उरलेले श्रवण गेले तरी इम्प्लांट वाया जात नाही. शब्द कळण्याचे मुख्य काम इम्प्लांटच करते. दुसऱ्या कानाला या शस्त्रक्रियेमुळे धक्का बसत नाही, आणि त्या कानातल्या श्रवणयंत्राची साथ पुढेही राहते. म्हणून ‘उरलेले जाईल’ या भीतीने वर्षानुवर्षे न समजणाऱ्या आवाजात बसून राहणे हा तोट्याचा सौदा आहे.

लहान मुलांचे गणित वेगळे

आपल्याकडे इम्प्लांट होणाऱ्यांत मोठा वाटा जन्मतः कर्णबधिर मुलांचा आहे. तिथे ‘या बाळाला काहीच ऐकू येत नाही, मग वाचवायचे काय?’ असे सहज म्हटले जाते. हे बरोबर नाही. नेहमीची बेरा चाचणी मुख्यतः २००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्याचा अंदाज देते. तिच्यात ‘प्रतिसाद नाही’ आले म्हणजे खालच्या पट्टीचेही काही नाही, असे ठरत नाही. त्यासाठी वेगवेगळ्या पट्टींची चाचणी आणि खेळता खेळता घेतलेली वर्तनचाचणी दोन्ही लागतात.

दुसरे कारण भविष्याचे आहे. ‘ओटोफ’ या एका जनुकातील दोषामुळे बहिरी असलेल्या मुलांवर चीनमध्ये जनुकोपचार झाले. जानेवारी २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहापैकी पाच मुलांना ऐकू येऊ लागले. आज इम्प्लांट झालेले दीड वर्षाचे बाळ पुढे सत्तर-ऐंशी वर्षे जगणार आहे. उद्याचा एखादा उपचार त्याच्या उपयोगी पडायचा असेल, तर कानाची आतली रचना शक्य तितकी शाबूत हवी.

पण इथे पालकांना कळकळीने सांगावेसे वाटते की, या बातम्या वाचून इम्प्लांट लांबवू नका. ‘ओटोफ’चा दोष जन्मजात बहिरेपणाच्या कारणांपैकी एक लहानसा भाग आहे, आणि बाकीच्यांसाठी असा उपचार अजून हातात नाही. मेंदू बोली भाषा पकडतो ती पहिल्या तीन-साडेतीन वर्षांत. श्रवणयंत्राचा नीट प्रयत्न करूनही फायदा होत नसेल, तर उरलेसुरले वाचवण्यासाठी थांबणे म्हणजे बाळाची भाषा गमावणे. मुलांच्या बाबतीत क्रम स्पष्ट हवा: आधी वेळेत इम्प्लांट, आणि ते करताना जितके जपता येईल तितके जपणे.

आपल्या योजना काय मोजतात?

केंद्राच्या ‘एडिप’ योजनेत २०१४ पासून मुलांना कॉक्लिअर इम्प्लांट मोफत मिळू लागले. मुंबईतली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या योजनेचे काम पाहते. सुरुवातीला एका इम्प्लांटसाठी ६ लाख रुपयांची मर्यादा होती. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ज्या आजारांसाठी मुलांची तपासणी होते, त्यांत जन्मजात बहिरेपणाही आहे. या योजनांमुळे शेतमजुराची मुले शाळेत बोलू लागलेली मी पाहिली आहेत. त्यांचे मोल मला कमी करायचे नाही.

पण या योजना मोजतात ते बसवलेल्या इम्प्लांटची संख्या. त्या कानात आधी काय होते आणि नंतर काय उरले, हे कुठल्या रकान्यात बसत नाही. जे मोजले जात नाही ते जपलेही जात नाही, हे मी माझ्याच विभागातल्या जुन्या अनुभवावरून म्हणतो. खरेदीचेही तसेच. सरकारी निविदेत किंमत पाहिली जाते, ती रास्तच आहे. पण तारेचे दोन प्रकार उपलब्ध असावेत, एक सरळ व लवचिक असावी, आणि गरज पडल्यास प्रोसेसरला श्रवणयंत्राचा भाग जोडता यावा, एवढी अट घालायला काय हरकत आहे? एकाच मापाची चप्पल सगळ्या पायांना देता येत नाही.

आमच्या शिक्षिकाबाईंसारख्या प्रौढांचे काय? ‘एडिप’मधले इम्प्लांट १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. नोकरीत, संसारात असताना ज्यांचे श्रवण जाते, त्यांना खर्चासाठी ट्रस्ट, मुख्यमंत्री सहायता निधी, नातेवाईक असे फिरावे लागते. निकष सैल होण्याचा जगातला वारा आपल्या प्रौढांपर्यंत पोहोचलेला नाही.

यासाठी करण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. प्रत्येक इम्प्लांटच्या आधी, तसेच नंतर पहिल्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, त्या कानाचे यंत्राशिवायचे श्रवण मोजून नोंदवणे सक्तीचे करावे. ऑडिओलॉजिस्टला त्यासाठी पंधरा-वीस मिनिटे जादा लागतील. तरुण सर्जनांना जिवंत कानाला हात लावण्यापूर्वी प्रयोगशाळेत कानाच्या हाडावर पुरेसा सराव करायला मिळावा. आणि अर्धवट बहिरेपणा असलेल्या प्रौढांसाठी मर्यादित का होईना, सरकारी तरतूद व्हावी.

रुग्णांनी काय विचारावे?

शस्त्रक्रियेच्या आधी डॉक्टरांना हे प्रश्न जरूर विचारा. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

– माझ्या कानात खालच्या पट्टीचे किती शिल्लक आहे? आलेखावर दाखवाल का?
– तुम्ही कोणत्या लांबीची आणि कोणत्या प्रकारची तार निवडणार आहात, आणि का?
– उरलेले श्रवण टिकण्याची माझ्या बाबतीत शक्यता किती वाटते? टिकले नाही तर पुढे काय?
– टिकले तर त्याच कानात श्रवणयंत्राचा भाग जोडता येईल का? त्याचा खर्च कोण देईल?
– शस्त्रक्रियेनंतर या कानाची यंत्राशिवायची ऑडिओमेट्री कधी आणि किती वेळा होईल?

‘शंभर टक्के राहील’ असे उत्तर मिळाले तर सावध व्हा. ‘कशाला हवे ते, नाहीतरी जाणारच’ असे मिळाले तरीही.

शिक्षिकाबाईंच्या पतींना मी शेवटी एवढेच सांगितले की, पळत्याच्या पाठीमागे जायचे आहे हे खरे. पण हातचे सोडून नाही, मुठीत धरून. मूठ सुटणार नाही अशी हमी मात्र देता येणार नाही. दोघांनी महिनाभर विचार केला आणि मग होकार कळवला. शस्त्रक्रियेनंतर वर्षभराने आलेख काढला. खालच्या पट्टीचे श्रवण थोडे घसरले होते, पण कामापुरते होते. बाईंना आता ‘साठ’ आणि ‘आठ’ वेगळे ऐकू येतात. रात्री प्रोसेसर काढून ठेवल्यावरही यजमानांनी मोठ्याने हाक मारली की त्यांना कळते. त्या म्हणाल्या, ‘काय म्हणतात ते नाही कळत. पण बोलावताहेत एवढं कळतं.’

त्या गृहस्थांनी बायकोच्या आवाजाबद्दल सांगितले होते, ते मला त्या वेळी आठवले. तेव्हा ते श्रवण गेले ते आमच्या हातून की आजाराने, हे मला आजही सांगता येत नाही, कारण आम्ही मोजलेच नव्हते. निदान आता मोजतो.